खिशातली रिंग आणि पदराची उलटी बाजू

फेब्रुवारीत माझ्या मामाच्या शर्टाच्या खिशात तीन गोष्टी असतात, मोबाइल, तंबाखूची पुडी आणि प्लास्टिकची एक पट्टी, जिच्यात गोल भोकं पाडलेली असतात. १६ चं, १८ चं, २० चं, सगळं मिलिमीटरमध्ये. बागेतून चालता चालता घडातला एखादा मणी धरायचा आणि भोकातून घालून बघायचा, १८ मधून सुळकन पार झाला की मामाचं तोंड उतरतं, अडकला की गडी खुश. दिंडोरी, निफाडकडं द्राक्षवाल्याच्या घरी ही पट्टी सापडणारच, सगळे तिला रिंग म्हणतात.

आजोबा पण द्राक्षंच लावायचे, पण त्यांच्याकडं रिंग नव्हती. व्यापारी यायचा, बागेत एक फेरी मारायचा, दोन मणी तोंडात टाकायचा, मग बांधावर बसून चहा आणि भावाची ओढाताण. माल चांगला की वाईट हे त्या दोघांच्या जिभेवर ठरायचं. आता तीच जमीन, तेच घराणं, पण माल चांगला की नाही हे ठरतं युरोपातल्या रॉटरडॅम बंदराच्या पलीकडं कुठंतरी, आणि ते ठरवणाऱ्या माणसाला मामानं आयुष्यात बघितलेलं नाही.

जागतिकीकरण म्हटलं की लोक मोबाइल, जीन्स, मॉल असलं काहीतरी सांगतात. मला विचाराल तर गावात पहिल्यांदा बदलतं ते माप. कशाला चांगलं म्हणायचं हे आधी गाव ठरवत होतं, नंतर ते लांब कुठंतरी ठरायला लागतं, आणि मग एकतर ते परकं माप शिका किंवा आपलं माप समोरच्याच्या गळी उतरवा, असे दोनच रस्ते उरतात. आपल्या नाशिक जिल्ह्यात दोन्ही रस्ते धरलेली माणसं आहेत म्हणून हे लिहायला बसलो.

आधी द्राक्षाचं सांगतो, कारण ते घरातलं आहे.

नाशिककडं द्राक्ष काही अनादि काळापासून नाही बरं का. ओझरला रावसाहेब जयराम गायकवाडांनी १९२५ च्या सुमारास लावली असं सांगतात, म्हणजे जेमतेम शंभर वर्षं झाली, पण चार पिढ्या एकच काम करायला लागल्या की ती परंपराच होते. युरोपला आपली द्राक्षं लागतात त्यामागं मोठं गुपित नाही, सगळा खेळ कॅलेंडरचा आहे. युरोपातली स्वतःची द्राक्षं उन्हाळ्याच्या शेवटी येतात. थंडीत त्यांना चिली, पेरू, दक्षिण आफ्रिका माल पुरवतात, तो ओसरायला लागतो आणि इजिप्तचा माल यायला मे उजाडतो. मधल्या फेब्रुवारी ते एप्रिलच्या खिडकीत नाशिकचा माल तयार असतो. तो तेव्हा तयार होतो कारण आपण वेलीला फसवतो. थंड देशात वेल हिवाळ्यात झोपते आणि वसंतात उठते, आपल्याकडं तेवढी थंडीच नाही, म्हणून वर्षातून दोनदा कात्री चालवायची, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, पहिलीत काडी तयार करायची आणि दुसरीनंतर माल घ्यायचा. आता गंमत बघा, आफ्रिकेचा हंगाम यंदा लांबला की दिंडोरीतला भाव खाली येतो. आजोबांना पिंपळगावची आवक माहीत असली की भागायचं, मामाला केपटाऊनची माहीत असावी लागते. आणि असते हो, व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी सातला येते.

१९९१ मध्ये महाग्रेप्स सुरू झाली, सहकारी संस्थांनी एकत्र येऊन निर्यात करायची म्हणून. तोवर माल पाठवायचा म्हणजे काय हेच कुणाला नीट माहीत नव्हतं. काढला की पेटीत घातला आणि ट्रक रवाना, एवढंच. समुद्रातून तीन आठवडे जायचं तर काढल्यावर काही तासांत घडाची गरमी काढावी लागते, प्रीकूलिंग म्हणतात त्याला, मग शून्य-एक डिग्रीवर ठेवायचं, बुरशी येऊ नये म्हणून पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद घालायचा, आणि ही साखळी न्हावाशेवा बंदर ते तिथलं दुकान कुठंही तुटू द्यायची नाही. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि डिसेंबरात कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला, प्रवास दहा ते चौदा दिवसांनी वाढला. हे दिवस सगळे त्या नाजूक देठाच्या आयुष्यातून वजा. देठ वाळला की मणी कितीही गोड असो, तिकडं तो माल जुना धरतात.

पण आकार आणि गारवा हे सोपे धडे होते, खरी परीक्षा न दिसणाऱ्या मापाची.

२००३ मध्ये नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि बोंबाबोंब झाली. त्यानंतर अपेडा, म्हणजे शेतमाल निर्यातीची केंद्र सरकारची संस्था, आणि पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी तपासणीची पद्धत बसवली, पुढं ग्रेपनेट आलं. ग्रेपनेटचं काम सोप्यात सांगायचं तर जनावराच्या कानातला बिल्ला असतो ना, तसा बागेला नंबर. प्लॉट कृषी खात्याकडं नोंदवायचा, लॅबचा माणूस त्या प्लॉटमधून सॅम्पल घेणार, पास झाला तरच माल पॅकहाऊसला, आणि पेटीवरच्या नंबरवरून तिकडं कुणाला शंका आली तर तो माग काढत थेट मामाच्या बांधापर्यंत येऊ शकतो. आजोबांचा माल वाशीच्या मार्केटात गेला की इतर मालात मिसळून बेनाम व्हायचा. मामाचा माल परदेशात जाऊनही मामाचाच राहतो, चांगला निघाला तरी आणि वाईट निघाला तरी.

एवढं सगळं असून २०१० साली दणका बसलाच. क्लोरमेक्वाट क्लोराइड नावाचं एक औषध आहे, शेतकरी त्याला लिहोसिन नाहीतर सीसीसी म्हणतात. कीड मारायला नाही, खरड छाटणीनंतर वेलीची नुसती वाढ होत राहू नये आणि काडीच्या डोळ्यात घड तयार व्हावा म्हणून मारायचं. वर्षानुवर्षं मारत होते, कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं, आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. युरोपच्या लॅबनी शोधलं आणि सापडलं. मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम.

हा आकडा वाचून काही कळत नाही म्हणून मी एकदा कागदावर मांडला. किलोला ०.०५ मिलिग्रॅम म्हणजे २० टन द्राक्षात १ ग्रॅम. दहा टनाचे दोन ट्रक भरून द्राक्षं आणि त्यात चिमूटभर मिठाएवढं औषध, त्याच्या वर गेलं की माल नापास. कंटेनरच्या कंटेनर तिकडं अडकले, निर्यातदारांनी हात वर केले, शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. त्यातून हे औषध वेलीच्या लाकडात टिकून राहतं, म्हणजे पुढच्या वर्षी नाही मारलं तरी मागचं पाप वर येऊ शकतं.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की कुणी लबाडी केली नव्हती. लोकांनी ज्याला नियम समजून पाळलं होतं तो पूर्ण नियम नव्हता, बस्स. दुसऱ्याच्या मापानं जगायचं म्हटलं की हा धोका राहतोच, फूटपट्टी त्याची असते आणि ती तो कधीही बदलू शकतो. सरकारी मर्यादा पाळली की झालं असंही नाही, जर्मनीतल्या काही सुपरमार्केटवाल्यांची स्वतःची अट असते की कायद्यानं चालतं त्याच्या एक तृतीयांशच अंश चालेल, आणि एकूण औषधं पण मोजकीच सापडली पाहिजेत.

आता तुम्ही म्हणाल मग औषध मारूच नका. मारल्याशिवाय नाशिकमध्ये बाग उभी राहत नाही हो, थॉमसन जातीची तर नाहीच. नोव्हेंबरात अवकाळी आला की डावणी नावाचा रोग येतो, दोन दिवस दुर्लक्ष केलं तर घड कुजून खाली. मारलं तर सॅम्पल फेल व्हायची भीती, नाही मारलं तर बाग जायची. यातून वाट काढायला प्रत्येक औषधाचा पीएचआय असतो, म्हणजे फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं ते. मामाकडं अनेक्शर पाचचा कागद, म्हणजे द्राक्षाला चालणाऱ्या औषधांची यादी, देवघराशेजारी लटकवलेला आहे, मामी म्हणते एकादशी विसरतील पण पीएचआय विसरणार नाहीत.

आणि तरी एकदा मामाचं सॅम्पल फेल गेलंच. एका दुकानातून टॉनिक आणलं होतं, बाटलीवर झाडाचं पान, वनस्पतिजन्य वगैरे लिहिलेलं, आत काय होतं देव जाणे, रिपोर्टमध्ये असं औषध आलं जे मामानं कधी विकतच घेतलं नव्हतं. दुकानदारानं कानावर हात ठेवले. एक्स्पोर्टसाठी पोसलेला माल, विरळणी केलेला, कागद लावून झाकलेला, तो लोकल व्यापाऱ्याला अर्ध्याहून कमी भावात गेला. त्या रात्री मामा जेवला नाही. दुसऱ्या दिवसापासून एक सवय लावून घेतली, कोणतीही नवी बाटली आली की गावातल्या चौघांनी मिळून आधी लॅबला पाठवायची, खर्च वाटून घ्यायचा, मग बागेत.

ही चौघांची गोष्ट म्हणजे मला या सगळ्याचा गाभा वाटतो. एकट्यादुकट्यानं परकं माप शिकणं परवडतच नाही. लॅबची फी, सर्टिफिकेट, कोल्ड स्टोरेज, तिकडच्या गिऱ्हाइकाशी इंग्रजीत भांडणारा माणूस, दोन-चार एकरवाल्यानं हे कुठून आणायचं? म्हणून द्राक्ष बागायतदार संघाची चर्चासत्रं, म्हणून एकमेकांच्या बागेत जाऊन काडी तपासणं, म्हणून मोहाडीची सह्याद्री. विलास शिंदे आणि इतर शेतकऱ्यांनी २०१० च्या सुमारास सह्याद्री फार्मर्स प्रोड्युसर कंपनी काढली, ती आज देशातल्या मोठ्या द्राक्ष निर्यातदारांत गणली जाते. कागदावर ती कंपनी आहे, पण मला ती जुन्या इर्जिकीसारखी वाटते. इर्जिक म्हणजे सगळ्यांनी आपापली बैलं घेऊन एकाच्या शेतात जाऊन नांगरून द्यायचं, उद्या दुसऱ्याच्या. फक्त आता बैलाच्या जागी कोल्ड स्टोरेज आहे.

ग्लोबलगॅप नावाचं एक सर्टिफिकेट लागतं, आधी त्याला युरेपगॅप म्हणायचे. त्यात औषधाची खोली कुलूपबंद हवी, रिकाम्या बाटल्या वेगळ्या हव्यात, फवारणीची वही हवी, आणि मजुरांना हात धुवायला पाणी आणि टॉयलेट हवं. आमच्या मामाच्या बागेत पेठ-सुरगाण्याच्या बायका कित्येक वर्षं कामाला येतात, त्यांच्यासाठी टॉयलेट कधी बांधलं? ऑडिटरनं यादीत टिक मागितली तेव्हा. मी हे मामाला तोंडावर बोललो आहे, तो हसला, म्हणाला, भाचेबुवा, बांधलं ना शेवटी.

त्या बायकांकडं परत येतो, आधी येवल्याला जाऊन येऊ.

येवल्यात माप गावाचंच राहिलं, अडचण वेगळीच झाली. हातमागावरच्या पैठणीचा पदर कसा विणतात ते तिथं मागाच्या खड्ड्याशेजारी मांडी घालून बघण्यासारखं आहे. धोटा आडवा सपासप पळतो तसलं काम नाही. प्रत्येक रंगासाठी छोटी तिल्ली, एका मोराच्या पंखात पाच रंग तर पाच तिल्ल्या, कारागीर ताण्याचे उभे धागे बोटानं मोजत तेवढ्यातून ती तिल्ली ओवतो, शेजारच्या रंगात अडकवतो आणि परत फिरवतो. दिवसभरात पदर काही इंच सरकतो. साधी पैठणी आठ-पंधरा दिवसांत होते, अंगभर नक्षी असली की महिनेच्या महिने. आणि असा विणलेला पदर उलटा केला तर मोर तसाच्या तसा दिसतो, मागं सुटे धागे नाहीत. मशीनवरच्या पदराला मागं धाग्यांचं जाळं असतं नाहीतर ते कापलेल्याच्या खुणा असतात.

म्हणजे माप आहे, चोख आहे, साळी, कोष्टी, खत्री, मोमीन घरांत पिढ्यानपिढ्या सांभाळलेलं आहे. पण ते गिऱ्हाइकाला वाचता येत नाही! दुकानात दोन साड्या शेजारी ठेवल्या, दोन्हींवर मोर, दोन्ही जांभळ्या, एक हजारात आणि दुसरी वीस हजारांत, तर दहातल्या आठ बायका पहिलीकडं वळणार, आणि त्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणायचं. सेमी पैठणी मशीनवर ढिगानं निघते. पैठणीला २०१० मध्ये जीआय मिळालं, भौगोलिक मानांकन, पण जीआयनं काय होतं हे लोक चुकीचं समजतात. त्यानं नाव राखलं जातं. मशीनवर मोर काढू नको असं ते कुणाला सांगू शकत नाही, मागाला भाव मिळवून देणं तर लांबच.

वर रेशमाचा घोळ. येवल्यात सूत प्रामुख्यानं बेंगळुरूकडून येतं, पण जगात सगळ्यात जास्त रेशीम चीन पिकवतो, आपला नंबर दुसरा. तिकडं भाव हलला की इकडं पण हलतो. केंद्र सरकारनं २०२१ च्या बजेटमध्ये कच्च्या रेशमावरची आणि सुतावरची आयात ड्युटी १० वरून १५ टक्के केली. कर्नाटकात तुती लावून कोष काढणाऱ्या शेतकऱ्याला ते हवं होतं, चिनी माल महागला की त्याचा खपतो. मागावरच्या माणसाला तेच नको असतं, कारण त्याचा कच्चा मालच महागतो. दोघंही गरीब, दोघंही पारंपरिक धंद्यातले, आणि एकाच्या पथ्यावर पडतं ते दुसऱ्याच्या पोटावर येतं. परंपरा वाचवा असं भाषणात म्हणणं सोपं आहे, कुणाची हा प्रश्न विचारला की माईक खाली जातो.

मग येवल्यानं काय केलं? गिऱ्हाइकाला वाचायला शिकवलं. टीव्हीवर पैठणी गाजली, लोक गाड्या काढून थेट येवल्याला यायला लागले, आणि विणकरांनी घरातला माग दाखवायला सुरुवात केली. आता नव्या पिढीतली पोरं इन्स्टावर तिल्ली फिरवतानाचे व्हिडिओ टाकतात, अमेरिकेतल्या बाईला व्हिडिओ कॉलवर पदर उलटा करून दाखवतात, सिल्क मार्क आणि हँडलूम मार्कची लेबलं पुढं धरतात. नक्षी पण बदलली, पूर्वी ठरलेले मोर, मुनिया, आसावली, कमळ, आता कुणी पदरावर नवरानवरीचं नाव मागतं. जुन्या कारागिराला ते फारसं रुचत नाही, पण विणून देतो. माझ्या मावशीनं तिथं जाऊन पैठणी घेतली तेव्हापासून ती लग्नात कुणाचाही पदर उलटा करून बघते, ओळख असो नसो. आम्हाला लाज वाटते, पण येवल्याला असलीच गिऱ्हाइकं पाहिजेत.

कांद्याचं मात्र दोन्हींत बसत नाही. लासलगावचा कांदा दुबईला चालतो, कोलंबोला चालतो, माप कुणाला शिकवायची गरज नाही, गिऱ्हाईक तयार आहे. तिथं दारच दिल्लीतून उघडतं आणि बंद होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ८ डिसेंबरला सरळ बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात दर आणि वर ४० टक्के शुल्क, सप्टेंबरात किमान दर गेला आणि शुल्क २० वर, १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. दीड-पावणेदोन वर्षांत एवढ्या उलट्यासुलट्या. बाहेरचा व्यापारी वैतागून पाकिस्तानकडून कांदा घेतो आणि एकदा तिकडं रुळला की आपलं दार उघडल्यावर लगेच परत येत नाही. शेतकरी यात जुळवून काय घेणार, कांदा साठवायची चाळ बांधतो, उन्हाळ कांदा भरून ठेवतो आणि रोज मोबाइलवर बातमी बघतो. कांद्यावर मी जास्त लिहीत नाही, लिहायला लागलो की शिव्या येतात.

तर पेठ-सुरगाण्याच्या बायका. कोकणा, महादेव कोळी, वारली घरांतल्या. घरी डोंगरउतारावर नागली, वरई, भात, ते पीक पावसावर, दिवाळीनंतर हाताला काम नाही, म्हणून टोळ्या करून दिंडोरी-निफाडला यायचं आणि द्राक्षाची कामं उक्ती घ्यायची. डिपिंग म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, मग विरळणी, काढणी. विरळणी म्हणजे छोट्या कात्रीनं घडातले जास्तीचे मणी काढायचे, कुठला ठेवायचा आणि कुठला कापायचा हे सेकंदात ठरवायचं, चुकलं तर घड एकतर दाटणार नाहीतर विस्कटणार. युरोपचं ते १८ मिलिमीटर शेवटी या बायकांच्या कात्रीतून निघतं. जागतिकीकरणावरच्या चर्चेत यांना मजूर म्हणून एका ओळीत संपवतात, मला ते पटत नाही, या कामात त्यांच्याइतकी तयार नजर बागवाल्यांची पण नसते. सुरगाण्याकडं आता काहींनी स्वतःच्या तुकड्यात स्ट्रॉबेरी लावलीय, सापुताऱ्याच्या रस्त्यावर विकतात, आणि द्राक्षाच्या कामात शिकलेलं ठिबक, मल्चिंग तिथं वापरतात. ज्या वर्षी स्ट्रॉबेरी बरी पिकते त्या वर्षी दिंडोरीत टोळ्या कमी पडतात आणि बागवाले फोन करकरून थकतात.

गेल्या हंगामात मी काढणीच्या वेळी मामाकडं होतो. टोळीची मुकादम साठीची एक बाई, नाकात नथनी, डोक्याला फडकं. मामानं एका ओळीतला घड धरला, खिशातून रिंग काढली, मणी १८ मधून पार गेला. मामा म्हणाला, ही ओळ राहू द्या, अजून चार दिवस फुगू दे. बाईनं घड बघितला, मामाच्या हातातली रिंग घेतली, उन्हात धरून बघितली. वर्षानुवर्षं खिशात घासून भोकाची कड झिजली होती. मग कमरेच्या चंचीतून स्वतःची रिंग काढली, कोरी.

"दादा, तुमची घासलीय. हिनं मोजा."

मणी अडकला. त्या दिवशी ती ओळ काढली.